आकाशांतील गणगोत

नवी सून घरांत आली म्हणजे पहिले आठ-पंधरा दिवस तिची फार तारांबळ उडते. ओटीवर बसलेले हे मामंजी कीं मामंजींचे चुलते, माजघरांतून हांक मारणाऱ्या ह्या आत्तेसासूबाई कीं मावससासूबाई, हें ध्यानांत येईपर्यंत कोणास काय म्हणावें हेंच तिला उमगत नाहीं. (तारांबळ हा शब्दहि लग्नघरांतलाच. मुहूर्ताच्या घाईगर्दींत म्हटल्या जाणाऱ्या 'ताराबला'वरून तो आला आहे.) आकाशाकडे पाहणाऱ्या आपल्या मुलांची अवस्था ह्या सुनेहून फारशी निराळी नाहीं. वर दिसणारी सारी मंडळी लखलखीत. परंतु कोण कोणाचें कोण लागतें, घरचें कोण आणि पाहुणा कोण, हें त्यांना कोणी बसून सांगितलेलें नसतें. तीं नातीं सांगावीं एवढ्यासाठीं हा लेख.

आम्ही सोलापुरांत पुष्कळ वर्षें शिक्षकाचें काम केलें. वर्गांत 'ग्रह किती?' असें विचारलें कीं प्रतिवर्षीं दोन उत्तरें येत. कांहीं मुलें आठ म्हणत, कांहीं नऊ. नऊ म्हणणाऱ्यांतहि दोन पक्ष असत. एका पक्षाचा आधार वडिलांच्या वेळचें भूगोलाचें पुस्तक, तर दुसऱ्याचा आधार आजोबांची पूजा. शाळेंत 'सूर्य हा ग्रह नव्हे' असें शिकून गेलेला मुलगा घरीं ग्रहमखाच्या वेळीं पाटावर मांडलेल्या नऊ सुपाऱ्यांत पहिली सूर्याची पाहतो, आणि गुरुजी खोटें बोलतात कीं आजोबा, असा प्रश्न त्याच्या मनांत उभा राहतो. तो विचारून घेणारा असला तर ठीक. न विचारणारा असला तर दोघांपैकीं एकावरचा विश्वास तो मुकाट्यानें काढून घेतो. हें नुकसान लहान नव्हे. म्हणून आधीं ह्या एका शब्दाचाच निकाल लावूं.

ग्रह शब्द 'ग्रह्' म्हणजे धरणें, ह्या धातूपासून झाला. जुन्या यादींत रवि, सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शनि, राहु आणि केतु असे नऊ. ह्यांतील बुध, शुक्र, मंगळ, गुरु व शनि हे पांच आजच्या शास्त्रांतहि ग्रहच आहेत. सूर्य हा तारा आहे आणि चंद्र हा पृथ्वीचा उपग्रह. राहु-केतूंना तर देहच नाहीं. चंद्राचा मार्ग आणि सूर्याचा भासमान मार्ग एकमेकांस जेथें छेदतात, ते हे दोन बिंदु. भूमितींतील बिंदूस जशी लांबी-रुंदी नसते तशी ह्यांसहि नाहीं. मात्र अमावास्या किंवा पौर्णिमा ह्या बिंदूंच्या जवळपास घडली म्हणजेच ग्रहण लागतें, म्हणून गणितास ते हवेतच. आणि ज्या ग्रहावर बसून आपण हा सारा हिशेब करितों ती पृथ्वी त्या यादींत नाहींच!

जुनी यादी चुकीची होती असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. नक्षत्रांच्या स्थिर पटावरून जें जें सरकतें आणि ज्याचें गणित ठेवावें लागतें, तें तें तींत घेतलेलें होतें. आजची यादी वस्तूच्या जातीवरून केलेली आहे. एकाच घरांतील माणसांची एक यादी वयावरून केली आणि दुसरी नात्यावरून केली, तर त्या जुळाव्या कशा? राहु सूर्यास गिळतो असेंच आपले सारे पूर्वज मानीत होते असाहि कोणी समज करून घेऊं नये. इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयांत सूर्यास चंद्र झांकतो आणि चंद्रास पृथ्वीची छाया झांकते, हें स्पष्ट सांगितलेलें आहे. नातवाला हें सांगणारा आजोबा पूजाहि करूं शकतो आणि गुरुजींचा मानहि राखूं शकतो.

आतां घरचा कर्ता पुरुष जो सूर्य, त्याची गोष्ट. तिचा एक महत्त्वाचा अध्याय आमच्याच जिल्ह्यांत घडलेला आहे, आणि तो येथील फार थोड्या लोकांस ठाऊक आहे ह्याचें आम्हांस नवल वाटतें. सोलापुराहून पुण्यास जातांना कुर्डुवाडी मागें पडली कीं कांहीं वेळानें करमाळें तालुक्यांतील जेऊर स्टेशन लागतें. शके १८१९, पौष अमावास्या, शनिवार, दिनांक २२ जानेवारी १८९८ रोजीं खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोंकणच्या किनाऱ्यावर चढली, सह्याद्रि ओलांडून जेऊरवरून वऱ्हाडाकडे गेली आणि तेथून ईशान्येस निघून गेली. ह्या छायेच्या वाटेवर ठिकठिकाणीं देशोदेशींचे ज्योतिषी तळ देऊन बसले होते. जेऊरास अमेरिकेंतील लिक वेधशाळेचे कँपबेल आले होते. सूर्याचें चित्र मोठें उमटावें म्हणून त्यांनीं चाळीस फूट लांबीचा कॅमेरा आणला होता. त्याच गांवीं पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला आले. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें भावनगरच्या महाराजांच्या देणगींतून उभारलेल्या तख्तसिंहजी वेधशाळेचे ते चालक होते. मुंबई इलाख्यांत प्लेगनें थैमान मांडलें होतें तो हा काळ. अशा दिवसांत एवढा सरंजाम आडगांवीं नेऊन मांडावयाचा, आणि तो सारा खटाटोप सुमारें दोन मिनिटांच्या काळोखासाठीं! ढग आले असते तर सर्वच पाण्यांत गेलें असतें. परंतु आमचें माघ-पौषाचें आकाश किती निर्मळ असतें हें सोलापूरकरांस सांगावयास नको. वेध उत्तम साधले. नायगमवाला ह्यांचा जेऊरच्या वेधांचा अहवाल पुढें १९०२ सालीं छापून निघाला.

त्या दोन मिनिटांत पाहावयाचें होतें काय? सूर्याचें बिंब पूर्ण झांकलें म्हणजे त्याच्या भोंवतीं मोत्यासारखें पांढुरकें तेज पसरलेलें दिसतें. ह्यास प्रभामंडळ म्हणतात. एरवीं बिंबाच्या झगझगाटांत तें लोपून जातें. सूर्याचा पृष्ठभाग सुमारें साडेपांच हजार अंश उष्ण, आणि त्याच्या बाहेरचें हें विरळ मंडळ मात्र दहा लाख अंशांहून अधिक उष्ण! चुलीपेक्षां चुलीवरच्या धुराची आंच शेंकडों पटींनीं जास्त असावी तसा हा प्रकार. ह्या कोड्याचा पुरता उलगडा अजून झालेला नाहीं. त्यासाठींच भारतानें २ सप्टेंबर २०२३ रोजीं आदित्य-एल१ हें यान सोडलें. जानेवारी २०२४ पासून तें पृथ्वीपासून सुमारें पंधरा लक्ष किलोमीटरांवर राहून सूर्याकडे पाहत आहे. त्याच्या एका यंत्रांत सूर्यबिंबापुढें तबकडी धरून कृत्रिम ग्रहण लावण्याची सोय आहे. जेऊरास ज्यासाठीं दोन मिनिटें मिळालीं, तें आतां रोज पाहतां येतें. नायगमवाला १९१२ सालीं निवृत्त झाल्यावर पुण्याची ती वेधशाळा मात्र बंद झाली आणि तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालास गेली. एका माणसाच्या पाठीमागें दुसरा उभा केला नाहीं म्हणजे असें होतें.

येथें विजयदुर्गाविषयीं दोन शब्द लिहिणें भाग आहे. सूर्यावरील हेलियम वायूचा शोध १८६८ सालीं विजयदुर्गच्या किल्ल्यावरून लागला, असें अनेक ठिकाणीं छापलेलें आढळतें. तें खरें नाहीं. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाच्या वेळीं फ्रेंच ज्योतिषी जान्सेन गुंटूर येथें होता, आणि लेफ्टनंट हर्शेल आपल्या जमखंडीस होता. इंग्रज ज्योतिषी लॉकियर त्या सालीं इंग्लंडांतच होता. त्यानें ऑक्टोबर महिन्यांत, ग्रहणावांचूनच, सूर्याच्या कडेचा वर्णपट तपासला. आणि ओळखीच्या कोणत्याहि मूलद्रव्याशीं न जुळणारी पिवळी रेषा पाहून पुढें त्या अज्ञात द्रव्यास हेलियम हें नांव पडलें. पृथ्वीवर तो वायु १८९५ सालीं रॅम्झे ह्यास सांपडला. लॉकियर विजयदुर्गास आला तो १८९८ सालीं, जेऊरच्याच ग्रहणासाठीं. त्याच्या दुर्बिणींकरितां बांधलेले ओटे किल्ल्यावर आजहि दाखवितात. त्या ओट्यांची खरी हकीकत एवढी चांगली असतांना तिच्यावर तीस वर्षांपूर्वींचा दुसरा पराक्रम लादण्याचें कांहींच कारण नाहीं.

सूर्याच्या घरांतील मोठीं मुलें आठ : बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरु, शनि, युरेनस व नेपच्यून. पहिलीं चार खडकाळ. पुढचीं आकारानें मोठीं आणि बहुतांशीं वायूंचीं किंवा गोठलेल्या द्रव्यांचीं. ह्यांचीं वर्णनें मुलांच्या क्रमिक पुस्तकांत असतात, तीं आम्ही येथें उतरून काढीत नाहीं. नवव्याची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे, कारण तींत आमच्या शेजारचा एक शाळामास्तर येतो.

व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हे बागलकोट येथें शिक्षक होते. 'ज्योतिर्गणितम्' हा त्यांचा संस्कृत ग्रंथ पंचांगकर्त्यांच्या परिचयाचा आहे. १९११ सालीं त्यांनीं फ्रेंच ज्योतिषमंडळाच्या पत्रिकेंत एक लेख लिहिला. गुरूच्या तीन उपग्रहांच्या गतींत जें एक ठराविक प्रमाण लाप्लास ह्यानें दाखविलें होतें, तसेंच प्रमाण युरेनस-नेपच्यूनच्या पलीकडेहि असावें असें धरून त्यांनीं दोन अज्ञात ग्रहांचें गणित मांडलें. एकास ब्रह्मा आणि दुसऱ्यास विष्णु अशीं नांवें योजिलीं. ब्रह्म्याचें अंतर त्यांनीं पृथ्वी-सूर्य अंतराच्या ३८.९५ पट काढलें, आणि प्रदक्षिणेचा काळ २४२.२८ वर्षें. १९३० च्या फेब्रुवारींत अमेरिकेंत टाँबो ह्यास प्लूटो सांपडला. त्याचें सरासरी अंतर ३९.५ पट, काळ सुमारें २४८ वर्षें. त्याच वर्षीं केतकर निवर्तले.

ह्या जुळणीचें श्रेय किती द्यावें? आमचें मत असें कीं अभिमान बाळगावा, पण मापानें. प्लूटो आपल्या चंद्राहूनहि लहान आहे, आणि केतकरांनीं सांगितलेल्या ठिकाणीं त्यांचा विष्णु आजवर कोणास सांपडलेला नाहीं. एकंदरींत जुळणीचा बराच भाग योगायोगाचा दिसतो. तथापि ग्रहांच्या काळांत साध्या अंकांचीं प्रमाणें असतात ही त्यांची दृष्टि पोकळ नव्हती. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्यांत प्लूटोच्या दोन होतात, हें आज सिद्ध आहे. आणि बागलकोटच्या शाळेंतून सुटल्यावर रात्रीं दिव्यापाशीं बसून सूर्यमालेच्या कडेचा हिशेब करणारा तो मास्तर, गणित चुको वा जुळो, आम्हांस वंद्यच आहे.

प्लूटोची पदवी २४ ऑगस्ट २००६ रोजीं प्राग येथील ज्योतिष्यांच्या सभेंत काढून घेण्यांत आली. ग्रह म्हणवून घ्यावयाचें तर सूर्याभोंवतीं फिरावें, स्वतःच्या वजनानें वाटोळें झालेलें असावें, आणि आपल्या वाटेवर दुसरी गर्दी राहूं देऊं नये, अशा तीन अटी ठरल्या. प्लूटो तिसऱ्या अटींत अडला. अशांस मराठींत 'बटुग्रह' म्हणतात, आणि ज्यानें हा शब्द योजिला त्यास आमचे शंभर गुण! मुंज झाली आहे, दंड-मेखला आहे, परंतु अजून स्वतःचें घर मांडलेलें नाहीं.

उपग्रहांविषयीं एवढेंच कीं पृथ्वीस एक, मंगळास दोन, आणि शनीच्या घरीं २०२५ च्या मोजणीअन्वयें २७४. इतकी माणसें एका पंगतीस बसवणें आमच्या मोठ्यांतल्या मोठ्या वाड्यासहि झेपलें नसतें.

मंगळ आणि गुरु ह्यांच्या मधल्या मोकळ्या जागेंत लघुग्रहांचा मेळा आहे. पहिला, सेरेस, १ जानेवारी १८०१ रोजीं इटलींतील पालेर्मो येथें पियाझी ह्यास दिसला. आज तेरा लाखांहून अधिक लघुग्रहांची नोंद झालेली आहे. पण त्या पट्ट्यांतील सर्वांचें वजन एकत्र केलें तरी तें चंद्राच्या वजनाच्या शेंकडा पांचहि भरणार नाहीं. त्यांतला एखादा तुकडा वाट चुकून पृथ्वीवर आला म्हणजे काय होतें हें पाहावयास परदेशीं जावयास नको. बुलढाणा जिल्ह्यांतील लोणारचें सरोवर हा तशाच आघाताचा खड्डा आहे. रुंदी एका मैलाहून थोडी अधिक, खोली सुमारें पांचशें फूट, आणि तो आपल्या काळ्या कातळांत, म्हणजे ज्वालामुखीच्या खडकांत, कोरलेला. म्हणूनच पुष्कळ काळ तो ज्वालामुखीचें मुख मानला जात असे. १९७३ सालीं तेथील खडकांत प्रचंड दाबानेंच तयार होणारें कांचेसारखें द्रव्य सांपडलें, आणि तो आकाशांतून पडलेला घाव असल्याची खात्री पटली. त्याचें वय एका रीतीनें मोजतां सुमारें पन्नास हजार वर्षें, तर दुसऱ्या रीतीनें सुमारें पांच लाख सत्तर हजार वर्षें निघतें. पंडितांचा हा वाद मिटावयाचा आहे. गांवची कथा म्हणते कीं लवणासुरास विष्णूनें येथें मारिलें. दैत्यसूदनाचें देऊळ त्याची साक्ष म्हणून उभें आहे.

लहान तुकडे वारंवार पडतात. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत उल्कांचे धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा असे पांच प्रकार केले आहेत, आणि मोठा आवाज करीत भूमीवर येऊन आदळते ती अशनि असें म्हटलें आहे. पुण्य सरल्यावर स्वर्गांतून खालीं येणाऱ्यांचीं तीं रूपें, ही त्याची उपपत्ति आज कोणी स्वीकारणार नाहीं. पण प्रकार पाडतांना त्याची नजर किती बारीक होती! आजचें शास्त्रहि वाटेंतच जळून जाते ती उल्का आणि जमिनीपर्यंत पोंचतो तो अशनि, हा भेद करितें. रात्रीं 'तारा तुटला' म्हणून आपण ज्यास भितों, तो बहुधा वाळूच्या कणाएवढा असतो. तारा तुटत नाहीं, आणि तो पाहिल्यानें घरांतील कोणाचें कांहीं होतहि नाहीं.

खऱ्या अशनीचें ताजें उदाहरण नागपूर जिल्ह्यांतील काटोलचें. २२ मे २०१२ रोजीं, ऐन उन्हाळ्याच्या दुपारीं, मोठा गडगडाट होऊन त्या गांवावर व आसपास दगड पडले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानें ते गोळा करून तपासले. पुढें त्यांच्याच एका तुकड्यांत ब्रिजमनाइट नांवाचें खनिज आढळल्याचें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. पृथ्वीच्या पोटांत, शेंकडों मैल खोल, हें खनिज सर्वांत विपुल आहे. पण तेथून तें वर काढणें मनुष्याच्या शक्तीबाहेरचें. जें पायाखालून मिळेना तें डोक्यावरून आलें! म्हणून शेतांत असा जड, काळ्या जळक्या सालीचा, लोहचुंबकाकडे ओढ घेणारा दगड सांपडला तर त्यास शेंदूर फांसून झाडाखालीं बसवूं नये, तो त्या सर्वेक्षणाच्या कचेरीस दाखवावा अशी आमची विनंति आहे.

धूमकेतु हे बर्फ, वायु आणि धुळीचे गोळे. सूर्याजवळ आले कीं वितळूं लागतात आणि त्यांचें शेपूट नेहमीं सूर्याच्या उलट दिशेस राहतें. हॅलेचा धूमकेतु १९१० व १९८६ सालीं आला. आतां तो २०६१ सालीं येईल, तेव्हां आज पाळण्यांत असलेल्यांनीं तो पाहावा. ह्याहून नवलाचे म्हणजे सूर्याच्या कुटुंबांतलेच नसलेले पाहुणे. २०१७, २०१९ आणि २०२५ सालीं अशा तीन वस्तु दुसऱ्या ताऱ्यांकडून येऊन, सूर्यास वळसा घालून, परत न येण्यासाठीं निघून गेलेल्या आढळल्या. ज्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि. हा शब्द ह्यांना अक्षरशः लागू पडतो.

सूर्याचें घर येथें संपतें. पुढें अंतरें इतकीं वाढतात कीं मैल निरुपयोगी होतात. सूर्याचा प्रकाश आपणांपर्यंत सव्वाआठ मिनिटांत येतो, व्याधाचा यावयास साडेआठ वर्षांवर लागतात, रोहिणीचा पासष्ट. म्हणजे आज दिसते ती रोहिणी आमच्या जन्माच्या सुमारास निघालेली. आर्द्रा हा म्हातारा, फुगलेला तांबडा तारा सूर्याच्या शेंकडों पट रुंद आहे. कृत्तिका ही एकत्र जन्मलेल्या भावंडांची जूट आहे. मृगांतील बाणाजवळ दिसणारा अंधुक डाग हें ताऱ्यांचें बाळंतघर आहे. तेथें वायूच्या ढगांतून नवे तारे घडत आहेत. आणि स्मशानहि दूर नाहीं. वृषभाच्या शिंगापाशीं १०५४ सालीं चिनी ज्योतिष्यांस दिवसा दिसणारा नवा तारा दिसला होता. तो एका मोठ्या ताऱ्याचा अंत होता. त्याचा उरलेला गाभा आज सेकंदास तीस फेरे घेत आहे. अशा वस्तूंचे रेडिओ-स्पंद ऐकण्याचें काम जुन्नर तालुक्यांतील खोडद येथील तीस थाळ्यांची प्रचंड दुर्बीण करिते.

हे सारे तारे मिळून आपली आकाशगंगा, म्हणजेच मंदाकिनी. तिच्यासारखी दुसरी, देवयानी, पंचवीस लाख प्रकाशवर्षांवर आहे आणि ती नुसत्या डोळ्यांनीं दिसणारी बहुतेक सर्वांत दूरची वस्तु होय. पुण्याच्या अभ्यासकांनीं ह्या प्रदेशांतहि संस्कृत नांवें रुजविलीं आहेत. २०१७ सालीं मीन राशीच्या दिशेस सुमारें चारशें कोटि प्रकाशवर्षांवर दीर्घिकांचा एक महासमूह त्यांना आढळला, त्यास त्यांनीं 'सरस्वती' म्हटलें. २०२५ सालीं तेथीलच राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रांतील दोघांनीं विश्वाच्या बालपणींची एक सुरेख चक्राकार दीर्घिका दाखवून दिली आणि मंदाकिनीची बहीण म्हणून तिचें नांव 'अलकनंदा' ठेविलें. गढवालांतील ह्या दोन नद्या ज्यांनीं यात्रेंत पाहिल्या असतील त्यांना ह्या नांवाची गोडी अधिक कळेल.

आतां हें सारें सोलापुरांतून दिसतें काय? गिरण्यांचे भोंगे बंद पडले, त्याबरोबर धूरहि उणा झाला. पण रस्त्यांवरचे दिवे इतके वाढले कीं गच्चीवरून आकाशगंगा आतां मुळींच दिसत नाहीं. हिप्परग्याच्या तलावाकडे किंवा अक्कलकोटच्या वाटेनें गांवाबाहेर जावें लागतें. फेब्रुवारीच्या मध्यास रात्रीं नऊच्या सुमारास मुलांस तेथें न्यावें. उत्तरेस ध्रुव क्षितिजापासून लांब केलेल्या हाताच्या दोन मुठींहून किंचित् खालीं दिसेल, कारण आपले अक्षांश साडेसतराहून थोडे अधिक आहेत. आणि दक्षिणेस जवळजवळ तेवढ्याच उंचीवर अगस्त्य. दोघांच्या मधोमध, डोक्यावर, मृग आणि व्याध. ही जोडी काशीकरांस इतकी सारखी दिसत नाहीं.

आणि एक तारीख टिपून ठेवावी. सोमवार, दिनांक २ ऑगस्ट २०२७, आषाढ अमावास्या, दिव्यांची अंवस. त्या दिवशीं दुपार कलल्यावर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल. खग्रास दिसेल तें इजिप्त, अरबस्तान इत्यादि देशांत. आकाश उघडें असलें तर मुलांस घरांत कोंडूं नये. उघड्या डोळ्यांनीं, काजळी धरलेल्या कांचेंतून किंवा पाण्याच्या परातींत मात्र पाहूं देऊं नये. ग्रहणासाठींच केलेले चष्मे मिळतात ते आणावे. ते न मिळाल्यास पुठ्ठ्यास सुईनें छिद्र पाडून सूर्याकडे पाठ करावी आणि त्या छिद्रांतून येणारा कवडसा भिंतीवर पाडावा. कवडशाची कोर झालेली दिसेल. अंगणांत कडुनिंब असेल तर पुठ्ठाहि नको. त्याच्या पानांतून खालीं अशा शेंकडों कोरी पडलेल्या सांपडतील.